हक्कसोड

पारसिकच्या उतारावरची चमचाभर माती,
करंजाच्या पाचोळ्याखालून खरवडलेली,
महाप्याच्या प्रयोगशाळेत आणून बशीत पसरली.
डबीवर पेन्सिलीने लिहिलं : उतार, करंज, ऑक्टोबर.

तिच्यात राहतात त्यांना तोंड नाही, डोळा नाही.
एक पेशी म्हणजे अख्खा संसार.
पोटाला आहे तोवर कुणी कुणाचं नाही,
जिवाणू गिळायचे, एकाचे दोन व्हायचे,
आणि आपापल्या वाटेने सरपटायचं.

मग मी त्यांचं खाणं तोडते.
याचाच मला पगार मिळतो.

काही तासांनी कुणी एक उपाशी हाक घालते.
शेजारीण ऐकते, पुढे देते, तिची शेजारीण त्याच्यापुढे.
दर पाच-सहा मिनिटांनी बशीतून लाट जाते
आणि लाटेच्या उलट, हाकेच्या उगमाकडे
सगळ्या निघतात.

काल मी दोन मुलुखांच्या एकत्र सोडल्या,
पारसिकच्या हिरव्या रंगाच्या, येऊरच्या तांबड्या.
हाक दोघींची एकच,
म्हणून आधी सगळ्या मिसळूनच धावल्या.
ओळख नंतर. अंगाला अंग लागल्यावर.
हिच्या सालीवरचं प्रथिन
तिच्या सालीवरच्या खाचेत बसतं का, एवढंच.
बसलं तर चिकट. नाही बसलं तर सरक.

सकाळी पाहिलं तर हिरव्या इकडे, तांबड्या तिकडे,
हळदीला आलेल्या दोन गावांच्या बायका
मांडवात आपोआप बसतात तशा.

तलाठी नाही. शिक्का नाही.

आम्हाला लागला होता. अकरा महिने.
सातबाऱ्यावर आजोबा गोमा,
मृत्यूच्या दाखल्यावर गोम्या,
त्यामुळे माझा बाप त्याच्याच बापाचा मुलगा
हे सिद्ध करायला बेलापूरला
चौदा खेटे आणि एक वकील.
तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची फाईल हलली.

आता बशीत ढीग उभा राहतोय.
टाचणीएवढाही नाही, पण उभा.
वर बीजाणूंचा गोळा, खाली देठ.
वरच्यांना वारा मिळेल, मुंगीचा पाय मिळेल,
कुठेतरी नवी माती.
देठातल्या पाण्याने फुगतात,
स्वतःभोवती भिंत बांधतात
आणि त्या भिंतीतच मरतात.
पाचातली एक, असा साधारण हिशेब.

आम्ही पाच जणांचं घर. चार भाऊ आणि पदीआत्या.

शंभराच्या स्टँपपेपरवर तिचा अंगठा मीच धरला होता,
मी बारावीत, घरात वाचता येणारी मीच.
वाचून दाखवलं : स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना.
मिठागरात तीस वर्षं घालवलेला तो अंगठा
शाई धरेना. तीनदा दाबला.
"भावांचाच हाय ना," ती म्हणाली, "मना काय करायचा?"
धाकट्या काकाने लगेच फुंकर घालून तो सुकवला.

मॅडम सांगतात, काही लबाडही असतात,
आपल्यांत शिरतात, आपल्यांसारख्याच चिकटतात,
देठाची वेळ आली की वरच्या गोळ्यात सापडतात.
मी वहीत नोंद करते. किती टक्के, ते लिहिते.
काकाचं नाव लिहायला तिथे रकाना नाही.
माझंही नाही.

गोठिवलीत आता आमची सहा मजली इमारत आहे.
मी चौथ्यावर राहते, वारा चांगला येतो.
आत्या आली की लिफ्टला घाबरते,
खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसून राहते,
निरोप धाडते.

परवा गेले खाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू तिच्या.
"कोण गो?" म्हणाली,
आणि मी बोलायच्या आधीच
चेहऱ्यावरून हात फिरवला,
कपाळ, गाल, नाक. नाकाशी थांबली.

तो अंगठा अजून खरखरीत आहे.
"आमचीच हाय," वॉचमनला म्हणाली.
तो बिहारचा. त्याने मान हलवली
आणि तिच्यासाठी पंखा जरा वळवला.